वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरवर हिब्रू आणि ग्रीक

मागच्या अंकात जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) कशा आणायच्या यावर लिहिलं होतं, आणि त्यावर बरीच पत्रं आली ती पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांकडून. जुना करार हिब्रूत, नवा ग्रीकमध्ये, आणि लिहायचं मराठीत, म्हणजे एका पानावर तीन लिप्या आणि त्यातली एक उजवीकडून डावीकडे जाणारी. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयावर. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : सर, सलाम. मी पुण्यात बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करतोय. आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या योहानाच्या शुभवर्तमानावरच्या नोट्स पेनड्राइव्हवर मिळाल्या. मराठी आणि इंग्रजी नीट दिसतं पण जिथे ग्रीक असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, मधेमधे शून्य, नऊ, स्लॅश असलं काहीतरी. मी नेटवरून दोन-तीन ग्रीक फॉन्ट डाउनलोड करून लावून बघितले, काहीच फरक नाही. कुठला फॉन्ट टाकू?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : सलाम. नवा फॉन्ट टाकून हे सुटणार नाही, कारण त्या फाइलीत ग्रीक मुळात नाहीच आहे. फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत आणि त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी ए च्या जागी अल्फाचं चित्र बसवलेलं होतं. आपण मराठीत श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी या फॉन्टांनी हेच भोगलंय, फॉन्ट काढला की ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी कचरा. दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, तसंच हे.

आधी फॉन्टचं नाव शोधा. त्या गिचमिडीत कर्सर ठेवला की वर्डच्या वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी नाव दिसतं. नाही दिसलं तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली फॉन्ट सब्स्टिट्यूशन म्हणून बटण आहे, तिथे गायब असलेल्या फॉन्टांची यादी येते. आणि फाइल साधी टेक्स्ट असेल, नाव कुठेच नसेल, तर अक्षरांवरूनच ओळखायचं. योहान १:१ मधला लॉगॉस हा शब्द घ्या. तो जर एल, ओ, स्लॅश, जी, ओ, जे असा दिसत असेल तर तो बहुतेक एसपी आयॉनिक, स्कॉलर्स प्रेसने फुकट वाटलेला फॉन्ट. स्लॅशच्या जागी कॉमा असेल, म्हणजे एल, ओ, कॉमा, जी, ओ, जे, तर ते बायबलवर्क्स या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधलं. दोन्हीकडे शेवटचा सिग्मा म्हणजे जे, तेवढ्यावरून फसू नका. एसपी आयॉनिकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या स्वरानंतर शून्य येतो तो स्मूथ ब्रीदिंगचा (स्वराआधी ‘ह’ नाही ही खूण) आणि नऊ येतो तो रफ ब्रीदिंगचा (‘ह’ आहे ही खूण), तुम्ही शून्य आणि नऊ दिसतात म्हणून लिहिलंय तेव्हा माझा अंदाज तोच. बायबलवर्क्समध्ये स्मूथच्या जागी व्ही असतो. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे स्लॅश : एकात तो ॲक्यूट आहे आणि दुसऱ्यात सर्कमफ्लेक्स, म्हणजे स्वरावरच्या दोन वेगळ्या ॲक्सेंट-खुणा. खी हे अक्षर एकात एक्स आणि दुसऱ्यात सी. म्हणजे चुकीचा कन्व्हर्टर लावला तर निम्मं बरोबर दिसेल आणि निम्मं गुपचूप बिघडेल, आणि ते गुपचूप बिघडलेलंच पुढे थिसिसमध्ये जातं.

माझा सल्ला असा. मूळ फाइलीची कॉपी बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. तो जुना फॉन्ट मिळवून टाका, फाइल नीट दिसायला लागली की तिची पीडीएफ करून घ्या. ही पीडीएफ म्हणजे तुमचा पुरावा, सरांनी नेमकं काय लिहिलं होतं त्याचा. मग नोट्समधली जी बायबलची वचनं आहेत ती कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडूच नका, ती सरळ युनिकोडमधल्या मजकुरातून आणून पेस्ट करा. नव्या करारासाठी एसबीएल ग्रीक न्यू टेस्टामेंट फुकट मिळतो, मायकल होम्स यांनी संपादित केलेला, २०१० चा. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल पण फुकट आहे, त्यात शोधून कॉपी करता येतं. पण एक बघा, एसबीएलचा हा मजकूर आणि नेस्ले-आलांडचा, म्हणजे अभ्यासकांच्या नेहमीच्या छापील ग्रीक आवृत्तीचा, मजकूर ५४० हून जास्त ठिकाणी वेगळा आहे, आणि तुमच्या सरांनी नेस्ले-आलांडवरून शिकवलं असणार, तेव्हा पेस्ट केल्यावर प्रत्येक वचन पीडीएफशी ताडून बघा. सरांचे स्वतःचे सुटे शब्द, व्याकरणाचे तक्ते वगैरे मात्र कन्व्हर्टरने करा किंवा हाताने टाइप करा. थोडे असतील तर हाताने केलेलं बरं, शब्द पाठही होतात.

काही जुने फॉन्ट सिम्बॉल प्रकारचे असतात, त्यांचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की नुसते चौकोन दिसतात. चौकोन दिसले म्हणजे मजकूर गेला असं समजून डिलीट करू नका, जुना फॉन्ट टाकला की तो परत दिसतो.

आणि हे काम आत्ताच करा. बायबलवर्क्स कंपनी २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली. अशा नोट्स कितीतरी कपाटांत पडल्यात आणि त्या वाचणारा माणूस आणि फॉन्ट दोन्ही आहेत तोवरच त्या वाचतील.

प्रश्न : हिब्रू आणि ग्रीकसाठी चांगले फॉन्ट कुठले, फुकटातले? टाइम्स न्यू रोमन चालतो का?
— एक पाळक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : पाळकसाहेब, चालतो. नव्या विंडोजमधल्या टाइम्स न्यू रोमनमध्ये हिब्रू आहे, ग्रीकचे सगळे ॲक्सेंटही आहेत. रविवारच्या उपदेशात एखादा शब्द दाखवायचा असेल तर पुरे. अडचण येते ती पूर्ण वचन घेताना. मसोरा परंपरेच्या, म्हणजे जुन्या यहुदी लेखनिकांनी जपलेल्या, मजकुरात व्यंजनांखाली स्वरचिन्हं असतात, आत दागेशचा ठिपका असतो, आणि वर-खाली पठणाच्या खुणा म्हणजे तेआमीम असतात, एका अक्षराभोवती तीन-तीन चिन्हं. साध्या फॉन्टमध्ये ती एकमेकांवर चढतात.

म्हणून हिब्रूसाठी एसबीएल हिब्रू घ्या. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरने तो तयार करून घेतला, टायरो टाइपवर्क्सचे जॉन हडसन यांनी बनवलेला, आणि खास बायबलच्याच मजकुरासाठी असल्यामुळे चिन्हांची जागा नेमकी पडते. त्याच घरातला एसबीएल ग्रीक, आणि हिब्रू, ग्रीक, इंग्रजी सगळं एकत्र हवं तर एसबीएल बिबलिट. दुसरा एझ्रा एसआयएल, याचं वळण श्टुटगार्टच्या छापील हिब्रू बायबलसारखं आहे, ज्यांनी सेमिनरीत ते जाड पुस्तक वापरलंय त्यांच्या डोळ्याला लगेच ओळखीचं वाटेल. ग्रीकसाठी मला स्वतःला जेंटियम प्लस फार आवडतो, व्हिक्टर गॉल्टनी यांचा. छोट्या आकारातही ब्रीदिंग आणि ॲक्सेंट वेगळे कळतात, आणि तळटीपांमध्ये त्याचीच गरज असते. डेव्हिड पेरी यांचा कार्डो पण आहे, त्यात ग्रीक आणि हिब्रू दोन्ही.

लायसन्सचं तेवढं लक्षात ठेवा. एसबीएलचे फॉन्ट खाजगी आणि बिनव्यापारी वापराला फुकट आहेत, पुस्तक छापून विकायचं असेल तर अटी आधी वाचा. एझ्रा, जेंटियम, कार्डो हे खुल्या लायसन्सचे, छापून विकलं तरी चालतं.

यातल्या कशातही देवनागरी शोधू नका, मराठीचा फॉन्ट तुमचा नेहमीचाच राहील.

प्रश्न : वर्डमध्ये मराठी लेखात हिब्रू शब्द टाकला की फॉन्ट एसबीएल हिब्रू निवडूनसुद्धा काही वेळा बदलतच नाही, किंवा हिब्रू बदलतो आणि पुढचं मराठी बिघडतं. शिवाय पूर्णविराम आणि कंस उडी मारून शब्दाच्या भलत्याच बाजूला जातात. वचनाचा आकडा पण. एकदा तर दोन ओळींत आलेलं वचन खालून वर वाचावं लागलं. काय करू, फार वैताग आलाय.
— एम.टीएच.ची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ताई, हा प्रश्न आपल्या लोकांना इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त छळतो, आणि त्याचं कारण कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सहसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्ड प्रत्येक मजकुरासाठी फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतो. एक लॅटिनचा आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, हे आपल्या कामाचे दोन. ग्रीक जातं इंग्रजीबरोबर लॅटिनच्या कप्प्यात. हिब्रू जातं कॉम्प्लेक्सच्या कप्प्यात, आणि आपली देवनागरीसुद्धा त्याच कप्प्यात! इंग्रजीत लिहिणाऱ्याचा कॉम्प्लेक्सचा कप्पा रिकामाच असतो, तो तिथे एसबीएल हिब्रू टाकतो आणि मोकळा होतो. तुम्ही तेच केलंत की तुमचं मराठी एसबीएल हिब्रू मागायला लागतं, त्यात देवनागरी नसते म्हणून वर्ड स्वतःच्या मनाने दुसरा कुठला तरी फॉन्ट आणतो. उलट मराठीसाठी मंगल किंवा कोकिळा ठेवलात तर हिब्रू अनाथ होतं.

यावर पक्का उपाय म्हणजे कॅरेक्टर स्टाइल. नॉर्मल स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्सचा फॉन्ट मराठीचाच राहू द्या. मग नवीन स्टाइल बनवा, तिचा प्रकार पॅराग्राफ नाही तर कॅरेक्टर निवडा, नाव ‘हिब्रू’ द्या, आणि फॉन्टच्या खिडकीत जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असं लिहिलंय त्या चौकटीत एसबीएल हिब्रू आणि साइज टाका. साइज मराठीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठी ठेवा, नाहीतर स्वरचिन्हं वाचताच येत नाहीत. तशीच ‘ग्रीक’ नावाची एक, तिच्यात मात्र वरच्या लॅटिनच्या चौकटीत फॉन्ट टाकायचा. यापुढे हिब्रू शब्द सिलेक्ट करून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलायचाच नाही, फक्त स्टाइल लावायची. उद्या गाइड म्हणाले की एझ्रा वापरा, तर एका जागी बदल केला की अख्ख्या थिसिसमध्ये बदलतं. ओळीतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका, ‘ॲट लीस्ट’ ठेवा, नाहीतर वरच्या खुणा आणि आपले रफार, मात्रा दोन्ही कापले जातात.

आता उड्या. तुमचा परिच्छेद मराठी आहे तर त्याची दिशा डावीकडून उजवीकडेच ठेवा, एका हिब्रू शब्दासाठी परिच्छेदाची दिशा बदलणारं ते बटण दाबू नका. पूर्णविराम आणि कंस यांना स्वतःची दिशा नसते, ते शेजाऱ्यांच्या दिशेने जातात, आणि वर्डमध्ये तर ते टाइप करताना कुठला कीबोर्ड चालू होता त्यावरही ठरतं. म्हणजे हिब्रू शब्द संपला की आधी कीबोर्ड मराठीवर आणा आणि मगच कंस बंद करा, पूर्णविराम द्या. ही सवय लागली की अर्धा त्रास गेला.

आकड्यांचं तर आपल्याला वरदान आहे. हिब्रू शब्दापुढे इंग्रजी आकडे टाकले, एक कोलन एक असे, तर ते उडी मारून हिब्रूच्या पलीकडे डावीकडे जातात, कारण युनिकोडमध्ये इंग्रजी आकड्यांची दिशा कच्ची धरलीय. देवनागरी आकड्यांची दिशा मात्र अक्षरांसारखी पक्की, डावीकडून उजवीकडे. तेव्हा वचनाचा संदर्भ १:१ असा मराठी आकड्यांत द्या, तो जागचा हलत नाही. विद्यापीठ इंग्रजी आकडेच मागत असेल तर आकड्याच्या आधी लेफ्ट टू राइट मार्क ही न दिसणारी खूण टाका, वर्डच्या सिम्बॉलच्या खिडकीत स्पेशल कॅरेक्टर्समध्ये ती सापडते. ‘तोहू’ आणि ‘बोहू’ असे दोन हिब्रू शब्द स्वल्पविराम देऊन शेजारी लिहिले आणि त्यांचा क्रम उलटा दिसला तर तिथेही हीच खूण, स्वल्पविरामानंतर.

खालून वर वाचावं लागलं ते वेगळंच दुखणं आहे. जुन्या फॉन्टच्या काळात कॉम्प्युटरला उजवीकडून डावीकडे जाता येत नसे, म्हणून लोक वचन उलटं साठवायचे, शेवटचा शब्द आधी. उत्पत्ती १:१ मध्ये हिब्रूत सात शब्द आहेत. ते उलटे साठवले तर फाइलीत सगळ्यात पहिला येतो ‘हाआरेत्स’ आणि शेवटी ‘बेरेशीत’. एका ओळीत मावलं तोवर डोळ्यांना बरोबर दिसतं, पण ओळ तुटली की वचनाचा शेवट वरच्या ओळीत आणि सुरुवात खालच्या. जुनं सॉफ्टवेअर किंवा काही पीडीएफमधून कॉपी केलं की असंच उलटं येतं. ते दुरुस्त करत बसू नका, वचन युनिकोडच्या मजकुरातून नव्याने घ्या. वेस्टमिन्स्टर लेनिनग्राड कोडेक्स नावाचा मजकूर नेटवर फुकट आहे, तो सेंट पीटर्सबर्गमधल्या त्या जुन्या हस्तलिखितावर आधारलेला, जे इसवी सन १००८-०९ च्या सुमाराचं आहे.

लिब्रेऑफिस वापरत असाल तर तिथेही मराठी आणि हिब्रू एकाच सीटीएल नावाच्या कप्प्यात जातात, कॅरेक्टर स्टाइलचा उपाय तोच.

प्रश्न : टाइप कसं करायचं? कॉपी-पेस्ट किती दिवस करणार. मोबाइलवर पण हवंय.
— एक वाचक, वसई

उत्तर : विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून ग्रीक पॉलिटॉनिक कीबोर्ड जोडा, साधा ग्रीक नको, तो आजच्या ग्रीसमधल्या भाषेचा, त्यात ब्रीदिंग नाहीत. पॉलिटॉनिकमध्ये खूण आधी दाबायची आणि स्वर नंतर. शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळ्या बटणावर आहे, इंग्रजी डब्ल्यूच्या जागी, आणि तो तिथूनच घ्यायचा.

हिब्रूत उलटं, आधी व्यंजन आणि मग त्याची चिन्हं. विंडोजच्या हिब्रू कीबोर्डची रचना इस्रायलमधल्या टाइपरायटरची आहे, आलेफ इंग्रजी टी च्या जागी, आपल्याला ते पाठ करणं जड जातं. एसबीएलच्या फॉन्टांबरोबर बायबलच्या हिब्रूसाठी कीबोर्डही मिळतात, त्यातला एसआयएल रचनेचा घ्या, त्यात अक्षरं बरीचशी इंग्रजी उच्चाराच्या जवळ बसवलेली आहेत. काफ, मेम, नून, पे आणि त्सादे या पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी रूपं बदलतात आणि ती स्वतंत्र अक्षरं म्हणून टाइप करावी लागतात, कॉम्प्युटर ती आपोआप बदलत नाही. आणि शिनचा ठिपका विसरू नका, उजवीकडे शिन, डावीकडे सिन.

मोबाइलसाठी कीमॅन हे ॲप घ्या, फुकट आहे, बायबलची हिब्रू आणि पॉलिटॉनिक ग्रीक दोन्हींचे कीबोर्ड त्यात उतरवून घेता येतात. कॉम्प्युटरवरही कीमॅन चालतं, म्हणजे दोन्हीकडे एकच रचना हाताला बसते.

प्रश्न : माझ्या फाइलीत एक ग्रीक शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसतोय पण सर्च केला की ‘सापडला नाही’ म्हणतो. आणि हिब्रूत यरुशलेम हा शब्द एका फाइलीत बरोबर दिसतो, दुसऱ्या फाइलीत लामेदखालची चिन्हं अदलाबदल झालेली. फॉन्ट तोच आहे. हे कशामुळे?
— जुन्या कराराचे एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, फार बारीक नजर आहे तुमची.

ग्रीकचं असं की ॲक्यूट ॲक्सेंट असलेले स्वर युनिकोडमध्ये दोनदा आलेत, एकदा आधुनिक ग्रीकच्या भागात टोनॉस म्हणून आणि एकदा जुन्या ग्रीकच्या विस्तारित भागात ऑक्सिया म्हणून. नंतर युनिकोडने दोन्ही समानच मानायचे असं ठरवलं आणि टोनॉसचं रूप प्रमाण धरलं. दिसायला दोन्ही सारखे, पण आत नंबर वेगळे. तुमच्या फाइलीत एक असेल आणि सर्चमध्ये तुम्ही दुसरा टाइप केलात तर साधं सॉफ्टवेअर तो जुळवत नाही. सात स्वरांची एकदा फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच रूपं करून टाका, टोनॉसची, सर्च चालू होईल. लोप झालेल्या स्वराच्या जागी येणाऱ्या ॲपॉस्ट्रॉफीचंही असंच, कुणी साधं अवतरणचिन्ह वापरतं, कुणी कोरोनिस नावाचं दुसरं.

यरुशलेमचं कारण जास्त खोल आहे. मसोरा मजकुरात या शब्दाच्या व्यंजनांमध्ये बहुतेक ठिकाणी शेवटच्या मेमआधीचा योद नाही, पण उच्चारात तो स्वर आहे, म्हणून लामेदच्या खाली दोन स्वर येतात, आधी पताह किंवा कामेत्स आणि मग हिरिक. आता युनिकोडने प्रत्येक हिब्रू स्वराला एक क्रमांक दिलाय, मजकूर प्रमाण करताना म्हणजे नॉर्मलाइज करताना चिन्हं त्या क्रमाने लावली जातात. हिरिकचा क्रमांक १४, पताहचा १७, कामेत्सचा १८. म्हणजे मजकूर नॉर्मलाइज झाला की हिरिक उडी मारून पुढे येतो आणि शब्द चुकतो. तुमची दुसरी फाइल अशा कुठल्यातरी वेबसाइटमधून किंवा डेटाबेसमधून गेलेली असणार. हे क्रमांक आता बदलता येत नाहीत, जुना मजकूर बिघडू नये म्हणून ते कायमचे गोठवलेले आहेत. उपाय म्हणून दोन स्वरांच्या मधे कम्बायनिंग ग्राफीम जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात, मग नॉर्मलाइज करतानाही क्रम मोडत नाही. एसबीएल हिब्रू त्याला ओळखतो. विद्यार्थ्यांना हा एक शब्द जरूर दाखवा, लेखनिकांनी व्यंजनांना हात न लावता उच्चार कसा जपला ते तिथे एका अक्षराखाली दिसतं, आणि आपल्याही फाइलीत ते तसंच राहायला हवं.

प्रश्न : आमचं मंडळीचं मासिक अजून पेजमेकरवर लागतं, मराठी श्रीलिपीत. लेखक मंडळी हिब्रू पाठवतात, आम्ही ते टाकायला गेलो की प्रश्नचिन्हं येतात. सगळं बदलायला पैसे नाहीत.
— डीटीपी करणारे एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, पेजमेकर युनिकोडच्या आधीच्या घडणीचा आहे, त्यात हिब्रू बसणारच नाही, तुमचा काही दोष नाही. अंक अडलाय तोवर एवढं करा : इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात हिब्रू वचन लावा, टेक्स्टचं पाथमध्ये रूपांतर करा आणि ईपीएस काढून पेजमेकरमध्ये चित्र म्हणून ठेवा. छपाईत अक्षर फाटत नाही. स्क्रीनशॉट मात्र कधीच वापरू नका, छापल्यावर दागेशचा ठिपका आणि स्वरचिन्हं एकमेकांत मिसळतात.

पुढे इनडिझाइनवर जाल तेव्हा पॅराग्राफच्या मेनूत अडोबी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, हिब्रूलाही तोच लागतो आणि युनिकोड मराठीलाही. तुमचं श्रीलिपीतलं मराठी लगेच बदलायची गरज नाही, ते आहे तसं राहून शेजारी युनिकोड हिब्रू बसतं.

प्रूफ तपासताना हिब्रू येत नसलं तरी मूळ प्रतीशी अक्षराला अक्षर जुळवता येतं. गोंधळ ठरलेल्या जोड्यांत होतो : दालेत आणि रेश, हे आणि हेत, बेत आणि काफ, शेवटचा मेम आणि सामेख. त्या जोड्यांचा एक कागद प्रूफ वाचणाऱ्याच्या टेबलावर लावून ठेवा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं आणि १९२४ साली ते छापून बाहेर पडलं, आश्रमातल्या बायकांनीच छपाईचं काम उचललं होतं. तुमचं मासिक त्याच परंपरेतलं आहे, एका ठिपक्यासाठी घेतलेले कष्ट तिथे शोभतात.

प्रश्न : नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, मूळचे अलिबागकडचे यहुदी, आता इस्रायलमध्ये. आजोबांचं एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक आहे, हिब्रू आणि मराठी. नातवंडांना मराठी लिपी येत नाही आणि माझ्या बहिणीला ठाण्यात हिब्रू भराभर वाचता येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी टाइप करून घरच्यांना द्यायचं आहे. जमेल का मला या वयात?
— एक आजी, लोद

उत्तर : आजी, नक्की जमेल, आणि हे काम व्हायलाच हवं. हिब्रू आणि मराठी एका पुस्तकात छापायची रीत आपल्याकडे जुनी आहे, पुण्यात १८७४ साली छापलेला हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) प्रसिद्धच आहे, आणि त्याच्याही आधी १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं.

वर्डमध्ये तीन स्तंभांचं टेबल करा. उजवीकडे हिब्रू, मधे मराठी, आणि डावीकडे हिब्रूचा उच्चार देवनागरीत, तो बहिणीसाठी. एका ओळीत एकच वाक्य ठेवा म्हणजे तिन्ही स्तंभ समोरासमोर राहतील, एकाच्या ओळी वाढल्या तरी बाकीचे सरकत नाहीत. फक्त हिब्रूच्या स्तंभाची दिशा उजवीकडून डावीकडे करा, बाकीच्या दोघांची नाही. नातवंडांसाठी मराठीचा उच्चार हिब्रू लिपीत हवा असेल तर चौथा स्तंभ जोडता येतो, मग कागद आडवा घ्या.

तुमच्या कॉम्प्युटरवर हिब्रू कीबोर्ड असेलच, स्वरचिन्हांसाठी उजवीकडचं ऑल्ट दाबून धरावं लागतं. पण सगळं टाइप करायची गरज नाही. सेफारिया नावाच्या वेबसाइटवर सिद्दूरचे म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाचे मजकूर आहेत, तिथून परिच्छेद घ्या आणि आजोबांच्या पुस्तकाशी शब्दन् शब्द ताडा, कारण प्रत्येक समाजाच्या प्रार्थनेत क्रम आणि काही शब्द वेगळे असतात आणि तुम्हाला हवाय तो तुमच्या घरचा पाठ. जिथे वेगळं आहे तिथे पुस्तकातलंच ठेवा. फॉन्ट एझ्रा एसआयएल लावा, साइज १८ च्या आसपास, मोठ्यांनाही वाचता येईल.

मराठी मात्र जुन्या पुस्तकात आहे तसंच उतरवा, शुद्धलेखन आजच्यासारखं करू नका. शेवटी फाइल पाठवताना पीडीएफ करा म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाही, आणि वर्डची फाइलही वेगळी जपून ठेवा. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टाइप करताना एखादं पान अडलं, अक्षर पुसट असेल, तर त्या पानाचा फोटो आमच्याकडे पाठवा, आपण मिळून वाचू.